दुपारी एकची लेक

"मॅडम, तुम्ही एवढं सगळं जमवता कसं?" असं मला किती जणांनी विचारलंय त्याला गणती नाही. विचारणारे माझ्यासारखेच, ऑनलाइन शिकवणारे मास्तर आणि मास्तरणी. सगळ्यांची रड एकच, दिवस पुरत नाही. पोरांचे मेसेज सकाळ बघत नाहीत की जेवणाची वेळ बघत नाहीत. आधी मी मोठ्या हौसेनं सांगायचे. आमच्या अ‍ॅपवाल्यांनी तर नव्या शिक्षकांपुढे मला बोलायलाही बसवलं होतं, वेळेच्या नियोजनावर. आता कोणी विचारलं की मी विषय बदलते. फारच मागे लागलं तर चिडते. पण एकदा सांगून टाकावं म्हणते, कारण ते नियोजन माझ्या घरात काय करून बसलंय ते बाहेर कोणाला माहीत नाही.

मी अमरावतीला राहते आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांना भूगोल शिकवते. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्यात, आवाज घुमू नये म्हणून. समोर दिवा, कॅमेरा आणि मी. माझी पहिली रीत अशी, की रोज शिकवायचंच नाही. महिन्याभराचे तास दोन दिवसांत रेकॉर्ड करून टाकायचे, उन्हाळ्यात पापड-कुरडया एकदम घालून ठेवतो तसे. त्यासाठी साडी एकच ठेवायची. माझी निळी, बारीक काठाची. साडी तीच असली की कुठं चुकलं तर जुन्या तासातला तुकडा उचलून नव्यात जोडता येतो, कोणाच्या बापाला कळत नाही. शंकांची वेळ ठरलेली. नेहमीच्या शंकांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. सकाळी पोरांना जाणारे 'चला, उठा' वाले मेसेज आठवड्याचे एकदम भरून ठेवायचे, ते आपापल्या वेळेला जातात, मी झोपलेली असले तरी. आणि फोनमध्ये दिवसाच्या रंगीत पट्ट्या. रेकॉर्डिंगची लाल, शंकांची पिवळी. संध्याकाळी एक बारकीशी हिरवी पट्टी होती. ती बाबांना फोन करायची. बाबा अकोल्याला, माझ्या धाकट्या भावाकडे राहायचे.

पण माझी सगळ्यात मोठी युक्ती मी कुठल्या ट्रेनिंगमधून नाही आणली, आमच्या मळ्यातून आणली. अकोल्याच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता. दुपारी लिंबाखाली बसून मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि बाबा गोष्ट सांगायचे. आमच्याकडे गोष्ट नुसती ऐकत नाहीत. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' द्यायचा असतो. हूं थांबला की सांगणाराही थांबतो, मग राजा विहिरीत लोंबकळत असला तरी लोंबकळू दे. "हूं दे वं माय," बाबा म्हणायचे, "तू नाई देल्ला त दुसरंच कोनी देईन." दुसरं कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. भावाला आणि मला भर दुपारी अंगावर काटा यायचा आणि आम्ही मोठमोठ्यानं हूं हूं करायचो.

त्या गाद्यांच्या खोलीत पहिल्यांदा एकटी बोलायला उभी राहिले तेव्हा माझी गाडी दोन वाक्यांपुढे सरकेना. समोरून हूंच नाही! शेवटी माझा मीच द्यायला लागले. म्हणजे असं, की प्रश्न विचारायचा, "काळी माती पाणी का धरून ठेवते?" मग गप्प राहायचं. समोर कोणी उत्तर देतंय अशी कॅमेऱ्याकडे बघत मान हलवायची. आणि मग म्हणायचं, "हूं. बरोबर. पुढे?" अ‍ॅपवाले बेहद्द खूश झाले. पोरांना वाटायचं मॅडम समोर बसून आपल्याशीच बोलतायत. मग रोज थेट तास घ्यायची गरजच राहिली नाही. एकदा बोललं की तेच सगळ्या बॅचला चालायचं. माझा निम्मा दिवस मोकळा झाला, आणि त्या निम्म्या दिवसात मी आणखी दोन विषय घेतले. हावरटपणा, दुसरं काय.

भीती मला पहिल्यांदा वाटली ती दवाखान्यात. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. भूल उतरत होती, घशाला कोरड पडली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेजारी नवरा फोन बघत बसला होता आणि फोनमधून माझा आवाज येत होता. त्या दिवशीचा तास आपल्या वेळेला सुरू झाला होता. मी खाटेवर पडलेली, आणि तिकडे मी विचारत होते, "कळतंय ना?" खाली पोरं लिहीत होती, मॅडम आज भलत्याच फ्रेश दिसून राहिल्या. नवरा हसत हसत मला दाखवायला आला. मी हातानंच सांगितलं, बंद कर. त्याला वाटलं टाके दुखतात. टाके नव्हते दुखत, मला भ्याव वाटलं होतं. मी अशी अर्धमेली पडलेली असताना ती बाई तिकडे मान हलवत होती, आणि कोणाला काही फरक पडत नव्हता. बरी झाल्यावर मात्र मी ते विसरले आणि पुन्हा लाल पट्टीला लागले.

इकडे आई गेल्यापासून बाबांचं सगळं हळूहळू पुसत चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग गावांची. फोन तर त्यांना उमजेनासाच झाला. "मी बोलते बाबा," म्हटलं की विचारायचे, "मी मंजे कोन?" सांगितलं तरी दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग फोन भावाच्या बायकोच्या हातात जायचा आणि मी तिलाच विचारायचे, जेवले का, गोळ्या घेतल्या का. हिरवी पट्टी होती तिथंच राहिली, पण बोलणं भावजयीशीच व्हायला लागलं. एकदा ती मला सहज म्हणाली, "ताई, तुम्ही उगाच जीव टांगून घेऊ नका. बाबा मजेत आहेत. रोज बोलतात की तुमच्याशी."

"माझ्याशी?"

"हो, दुपारी. एक वाजला की बसतातच."

दुपारी एकला माझी शंकांची वेळ. त्या वेळेला मी बाबांना जन्मात फोन केला नव्हता. मी पुढं काही विचारणार तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला भास होतात. मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण त्या दिवशी शंका सोडवताना घड्याळाकडे सारखं लक्ष जात होतं. आत्ता, या घटकेला, अकोल्यात मी बाबांशी काय बोलत असेन?

पुढच्या मे महिन्यात भावाची बदली झाली, लांब, मुंबईकडे. त्याचं बोलावणं आलं म्हणून मी अकोल्याला गेले. अकोल्याची मेमधली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रिक्षावाल्यानं मला कोपऱ्यावरच उतरवलं, म्हणाला, "ताई, गल्लीत नाई येत, टायर फुटते." घराघरांची दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, आणि सगळ्या गल्लीभर कूलरची घरघर. भावाच्या फाटकाशी आले, कडीला हात लावला, आणि आतून मला माझा आवाज ऐकू आला.

"पाऊस आधी कुठं पोचतो?" मी विचारत होते.

मग शांतता. मग बाबांचा आवाज, खणखणीत, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा. "आपल्या इकडे त मांगूनच येते वं माय. पन कोबीले फवारा मारला का नाई त्यायनं? तू गेल्ती का मळ्यात?"

"हूं. बरोबर," मी आतून म्हणाले. "पुढे?"

"पुढं काय, तुही माय गेल्ती पानी द्याले. अजून आली नाई."

मळा विकून जमाना झाला होता. आई जाऊन तीन वर्षं होत आली होती. आत मी तिसराच प्रश्न विचारत होते, कोकणातल्या नद्यांचा. मी ती तापलेली कडी तशीच धरून उभी होते, हात भाजला तेव्हा सुटली. पळून जावंसं वाटलं, खरंच. इतक्या उन्हातून आले होते आणि मला हुडहुडी भरल्यासारखं झालं होतं.

भावजयीनं दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "हळू, ताई. तुमचंच चालू आहे," ती कुजबुजली, आणि मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथं तिनं सगळं सांगितलं. बाबा भर दुपारी घराबाहेर पडायचे, मळा शोधत. एकदा पार पुलापर्यंत गेले होते, अनवाणी. पायांना फोड आले. हिला तर नुसता घोर लागला होता. असंच एकदा तिनं माझा तास टॅबवर लावला, आपली नणंद काय शिकवते बघू म्हणून. बाबा समोर येऊन बसले. मी प्रश्न विचारला, हे बोलले. मी हूं म्हटलं, हे आणखी बोलले. त्या दिवसापासून उन्हात जाणं बंद. जेवतातही त्या तासापुढे, गोळ्याही घेतात. "तुम्ही वाचवलं आम्हाला, ताई," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काय बोलणार? तिनं माझ्या बापाचं जेवढं केलं तेवढं मी केलं नव्हतं.

तास संपेपर्यंत मी दारात थांबले. बाबा गादीवर मांडी घालून, टॅबकडे वाकून बसले होते. नवीन धोतर, केस विंचरलेले. पडद्यावरच्या मी "उद्या भेटू" म्हटलं, त्यांनी हात वर केला. मग मी पुढं झाले.

"बाबा, मी."

त्यांनी वर पाहिलं. मान अदबीनं लववली. "या बाई, बसा. तुमी तिच्या शाळेतल्या का? आताच गेली ती. जरा आधी आल्या असत्या त गाठ पडली असती."

बाबांनी मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. रागावले तरी 'तू'च. ते एवढं मर्यादेनं बोलत होते, पाणी विचारत होते, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. मी माझं नाव सांगितलं. आईचं सांगितलं. लहानपणी विळ्यानं कापलेलं बोट दाखवलं, त्याची खूण अजून आहे. त्यांनी बोट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "माह्या पोरीलेबी असंच लागलं होतं. फार रडली थे."

त्या संध्याकाळी भावाशी जुंपली. त्याला नव्या ठिकाणी चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळणार होत्या, आणि तिथं भावजयही नोकरी धरणार होती. दिवसभर बाबांजवळ कोण? त्यानं नागपूरच्या बाजूचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. मी ताडकन उठले. "लाज नाई वाटत? बापाले ठेवून देतं कुठंतरी?"

"मंग तू ने," तो म्हणाला. "मी काय नाई म्हणतो का? पन येते का थो तुह्यासंग? वयखत त नाई तुले."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयत्न केला. भावाची गाडी दारात लावली. "चला बाबा, अमरावतीला जाऊ." त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "एक वाजता माही पोरगी येते. मी नसलो त ते वापस जाईन." भावानं हात सोडवायला पाहिलं तेव्हा असा आवाज काढला त्यांनी की शेजारणी बाहेर आल्या. डॉक्टरांनीही तंबी दिली, ओढून नेऊ नका, या वयात दचकलेला माणूस सावरत नाही. म्हणजे आता असं होतं, महिनाअखेर भाऊ जाणार. तोवर बाबा आपल्या पायानं माझ्याबरोबर निघाले तर माझ्या घरी येतील. नाही तर अनोळखी लोकांत जातील आणि तिथंच जातील.

भावजयीला सुचलं की मी ती निळी साडी नेसून यावं. पडद्यावर तीच बघतात ना ते. मला ते इतकं पटलं की पुढच्या रविवारी मी साडी नेसूनच नवऱ्याबरोबर अमरावतीहून निघाले. केस तसेच बांधले, रेकॉर्डिंगला लावते ती टिकली लावली. आरशात बघून वाटलं, आता ओळखतीलच, न ओळखून सांगतील कोणाला!

बाबा समोरच्या खोलीत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत, उजळला. मग मी जवळ गेले, आणि जसजशी जवळ गेले तसतसा तो उजेड उतरत गेला. ते मागं सरकले. भिंतीला टेकले.

"हे लुगडं माह्या पोरीचं आहे," ते म्हणाले. "तुमी काहून नेसल्या? ते कुठी आहे? काय केलं तुमी तिले?"

"बाबा, मीच आहे हो. पाहा तर खरं."

"काय केलं तिले?"

त्यांनी हाताशी असलेला तांब्या उचलला. भावजय धावत आली, तिला दुसरं काही सुचलं नाही, तिनं टॅब सुरू करून त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर मी आले, त्याच साडीत, हसत. बाबांनी तांब्या खाली ठेवला. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग टॅबशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "माय, इथं एक बाई आली. तुह्यासारखी दिसते. तू सांभाळून राह्यजो."

"हूं," पडद्यावरची मी म्हणाले. "बरोबर."

मी न्हाणीत जाऊन साडी फेडली आणि भावजयीचा गाऊन घातला. मला बाबांचा राग नव्हता आला. मला तिचा राग आला होता, त्या हसणाऱ्या, मान हलवणाऱ्या बाईचा. तिला माझ्यासारखा घाम येत नाही, तिचा आवाज कधी चढत नाही, तिला कुठं जायची घाई नसते. माझ्या बापाला ती हवी होती आणि ती मी नव्हते.

पण बाबा तिचं ऐकतात, हे मात्र त्या दिवशी मला पक्कं कळलं. परत येताना आम्ही बडनेऱ्याला पोचत आलो. मग नवऱ्याला म्हटलं, "तिलाच सांगायला लावते."

दुसऱ्या दिवशी मी सगळे तास बाजूला सारले, साडी नेसून गाद्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आजवर मी तिथं नसलेल्या पोरांच्या उत्तरासाठी जागा सोडत होते. आता माझ्या बापाच्या उत्तरासाठी सोडायची होती. तो काय बोलेल, किती वेळ बोलेल, कुठं अडेल, सगळं मनात धरून. "बाबा, उद्यापासून मी इथं येणार नाही. अमरावतीला येईन." इथं थांबायचं. "तुम्हाला न्यायला एक बाई येतील." इथं जास्त थांबायचं. "त्या आपल्यातल्याच आहेत. त्यांच्याबरोबर जा. त्या जेवायला वाढतील, गोळ्या देतील." स्वतःला 'त्या बाई' म्हणताना जीभ अडायची, रडू फुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. रडलेलं चालणार नव्हतं, कारण पडद्यावरची कधी रडत नाही. मग जुन्या एका तासातला हसरा तुकडा काढून शेवटी जोडला. ते कसब तर मला होतंच.

भावानं तो तास लावला तेव्हा मी आतल्या बोळात उभी होते. बाबांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि विचारलं, "काहून वं? इथं काय झालं तुले?" ती गप्प, मान हलवतेय. मग तिनं बाई न्यायला येणार म्हणून सांगितलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, गेलं, सोडलेली जागा संपणार. मग ते म्हणाले, "थे बाई? निळ्या लुगड्याची? ते कोन आहे पन?"

"त्या आपल्यातल्याच आहेत," ती म्हणाली.

मी ते वाक्य त्या प्रश्नासाठी ठेवलं नव्हतं. तो प्रश्न ते विचारतील हे मला ठाऊक नव्हतं. पण ते तिथं असं नेमकं येऊन बसलं की भावजयीनं माझा दंड घट्ट धरला. बाबांनी मान डोलावली. "तू म्हनते त जातो," ते म्हणाले. आणि स्वतःच उठून चपला शोधायला लागले.

मूर्तिजापूर मागं पडलं. नवरा गाडी चालवत होता, मी मागं बाबांच्या शेजारी बसले होते, टॅब त्यांच्या मांडीवर. ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. मग म्हणाले, "तुमाले फार तरास देला, बाई."

"नाही हो, तरास कसला."

"माही पोरगी भलती कामात राह्यते. पन एक दिवस चुकत नाई. रोज येते. माही सगळी गोष्ट आयकते." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचे वडील आहेत का?"

"आहेत."

"कुठी राह्यतात?"

"जवळच राहतात."

"मंग जात जा बाई त्याईले भेटाले. म्हाताऱ्या मानसाले वाट पाह्याचंच काम राह्यते."

मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि बडनेरा येईपर्यंत तसंच ठेवलं. पुढं नवऱ्याचे खांदे हलत होते. त्यालाही आवरत नव्हतं.

आता बाबा माझ्याकडे असतात, गाद्यांच्या खोलीला लागून जी खोली आहे तिथं. सकाळी मी चहा देते, आंघोळीचं पाणी काढते, त्यांची दाढी करते. ते सगळं माझ्याकडून करून घेतात, वर "देव भलं करो तुमचं, बाई," म्हणतात. माझ्या हातची भाकर त्यांना आवडते. आणि दुपारी एकला मी टॅब लावून बाजूला होते. एकदोनदा न लावून पाहिला, वाटलं, आता सवय झाली असेल माझी. त्यांनी जेवणाला हात लावला नाही, फाटकापाशी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून तो हट्ट सोडला. उलट आता दर आठवड्याला त्यांच्यासाठी म्हणून मी वेगळं रेकॉर्ड करते. ते झोपलेले असतात, मधे एक भिंत, आणि मी भिंतीला लावलेल्या गादीकडे तोंड करून विचारत असते, "बाबा, आज काय जेवलात?" मग गप्प राहते. ते काय जेवले ते मला माहीत असतं, मीच वाढलेलं असतं. सगळ्या तासांत याच तासाला मी जास्त वेळ देते. असं काही करणारी मी एकटीच मूर्ख असेन बहुतेक.

मागच्या पंधरवड्यात एका दुपारी लाइन गेली. टॅब नीट चार्ज झालाच नव्हता, तास अर्ध्यात आला आणि पडदा काळा पडला. खोलीत एकदम शांत झालं, पंखाही थांबला. मी दारातच होते. बाबा हलले नाहीत. काळ्या काचेकडे तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "सगळं खरं वं माय. पन घरी कदी येशीन तू? जेवाले?"

माझा धीर सुटला. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. मी मागून म्हटलं, अगदी तिच्या आवाजात, सावकाश, "मी आलेय बाबा. इथंच आहे. मागं वळून पाहा ना."

त्यांनी मागं पाहिलं नाही. फक्त हात वर करून मला थांबवलं. "मधात बोलू नका बाई. तिले बोलू द्या."

आणि ते पुढं वाकले, कान त्या काळ्या काचेला लावला. खोलीत माशीचाही आवाज नव्हता. ते ऐकत होते. मधेच त्यांचा चेहरा हलायचा, कोणी तरी काही सांगतंय तसा. एकदा हसलेही. मला माझ्याच घरात तिथं उभं राहायची भीती वाटत होती, आणि तरी मी कान देऊन ऐकत होते, मलाही काही ऐकू येतं का म्हणून. बऱ्याच वेळानं ते सरळ बसले आणि माझ्याकडे वळले. इतकं खुशीत मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"उद्या येतो म्हनते," ते म्हणाले. "जेवाले. तिच्यासाठी ताट वाढजा, बाई."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी केली, पोळ्या केल्या, आणि त्यांच्या शेजारी दुसरं ताट मांडलं. एक वाजला. टॅब मी मुद्दाम लावला नाही, त्यांनीही मागितला नाही. मी पदराला हात पुसले आणि त्या ताटावर जाऊन बसले. बाबांनी घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "बाई, इथं नोका बसू. माही पोरगी येऊन राह्यली." मी उठले.